त्या शिपायाचं पुढं काय झालं?

सोलापूरच्या हुतात्मा स्मृती मंदिरात परवा एक नाटक पाहिले. नाटक मूळचे ग्रीक, अडीच हजार वर्षांपूर्वीचे. करणारी मुले मात्र आपल्याच शहरातली. कोणी महाविद्यालयात शिकणारी, कोणी दिवसभर दुकानात राबून रात्री तालमीला येणारी. त्यातला एक मुलगा ओळखीच्या घरातला. त्याने दोन पास घरी आणून दिले. पत्नीला शाळेचे पेपर तपासायचे होते, म्हणून मी आईला घेऊन गेलो. आईने सत्तरी ओलांडली आहे. विड्या वळून तिने आम्हा चौघा भावंडांना शिकवले. नाटक म्हणजे तिच्या लेखी जलसा, फार तर चौदा एप्रिलला वस्तीतल्या पोरांनी बसवलेला एखादा प्रसंग. खुर्चीत टेकता टेकता तिने विचारले, "कुणाचं हाय नाटक?"

मी म्हणालो, "एका मुलीचं. तिचा भाऊ मेलाय आणि राजा त्याला माती देऊ देत नाही."

"मग हे आपलंच की," आई म्हणाली आणि पदर सावरून नीट बसली.

नाटकाचे नाव 'ॲंटिगनी'. सोफोक्लिसने ते इ. स. पूर्व ४४१ च्या सुमारास अथेन्समध्ये लिहिले. मराठी वाचकाला सोफोक्लिस अगदीच परका नाही. त्याच्या ईडिपसला पु. ल. देशपांडे यांनी 'राजा ओयदिपौस' या नावाने मराठीत आणले. मुंबईत इब्राहिम अल्काझींनी ग्रीक शोकांतिका इंग्रजीत केल्या, तर सत्यदेव दुबे यांनी फ्रेंच नाटककार जाँ अनुई याची 'ॲंटिगनी' हिंदीत केली. पण हे सगळे मुंबई-पुण्याच्या जाणकार प्रेक्षकांपुरते. विडी कामगारांच्या, गिरणी कामगारांच्या सोलापुरात ही बाई कधी आली असेल तर मला आठवत नाही.

गोष्ट अशी. थीब्ज नगरात गादीसाठी दोन सख्खे भाऊ एकमेकांना मारून मरतात. नवा राजा क्रेऑन, म्हणजे त्यांचा मामा, हुकूम काढतो की नगराच्या बाजूने लढलेल्या इटिओक्लिसला मानाने माती द्यावी आणि नगरावर चालून आलेल्या पॉलिनायसीसचे प्रेत उघड्यावर कुत्र्या-गिधाडांसाठी टाकावे. जो त्याला माती देईल त्याला देहांत शासन. बहीण ॲंटिगनी हुकूम मोडते, प्रेतावर मूठभर माती टाकते. पकडली जाते. राजा तिला जिवंतपणी गुहेत चिणतो. तिच्याशी लग्न ठरलेला राजाचा मुलगा हायमॉन बापाला समजावतो, ते व्यर्थ जाते. शेवटी आंधळा द्रष्टा टायरेसियस येऊन बजावतो तेव्हा राजाला उपरती होते. पण तोवर मुलीने गळफास घेतलेला असतो, मुलगा स्वतःला भोसकून घेतो आणि ते ऐकून राणीही जीव देते.

आपल्या मुलांनी हे सगळे आजच्या कपड्यांत केले. क्रेऑनच्या अंगात जाकीट, पुढ्यात तीन-चार माइक, आणि हुकूम निघतो तो पत्रकार परिषदेत. मागे एका भावाचा भावपूर्ण श्रद्धांजलीचा भला मोठा फ्लेक्स, त्यावर खाली गल्लीतल्या पुढाऱ्यांचे ओळीने फोटो. दुसऱ्या भावाचे प्रेत रंगमंचावर दिसतच नाही. फक्त सगळे जण नाकाला रुमाल लावून एका कोपऱ्याकडे पाहतात. ही कल्पना मला फार आवडली. मूळ नाटकातला नगरवृद्धांचा मेळा इथे पारावर मोबाईल चाळत बसलेले पाच गावकरी झाला होता. राजा काही बोलला की ते माना डोलावतात, ॲंटिगनी बोलली की तिच्याही बोलण्यावर माना डोलावतात. प्रेक्षक खो खो हसले. ॲंटिगनी झालेली मुलगी जरा जास्त ओरडत होती, पण डोळ्यांत आग होती.

आता मुद्द्याचे. राजा विचारतो, हुकूम ठाऊक असून तू तो मोडलास? ती सांगते की हा हुकूम काही देवाने काढलेला नाही. देवांचे कायदे अलिखित आहेत, ते आजचे-कालचे नाहीत, ते कधीपासून आहेत हे कोणालाच माहीत नाही, आणि कोणा माणसाच्या हुकुमाने ते रद्द होत नाहीत. सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. माझेही हात उचलले गेले होते. ते तसेच थांबले.

का थांबले? वाचकहो, हीच भाषा आपण आणखी कुठे ऐकली आहे? देवाने दिलेला कायदा, अनादी, कोणी लिहिला ठाऊक नाही, माणसाने बदलायचा नाही! वर्णव्यवस्थेचे समर्थन याहून वेगळ्या शब्दांत कोणी केले? चवदार तळ्याचे पाणी आपल्याला बंद होते ते कोणत्या लेखी हुकुमाने? उलट १९२३ साली मुंबई विधिमंडळात सी. के. बोले यांच्या ठरावाने सार्वजनिक पाणवठे खुले झाले होते, महाड नगरपालिकेने तळे खुले असल्याचे ठरवले होते. लिहिलेला कायदा आपल्या बाजूने होता. डोकी फुटली ती अलिखित कायद्याच्या नावाने. म्हणून तर २५ डिसेंबर १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडला मनुस्मृतीचे दहन केले. माझ्यासारखा वकील रोज कोर्टात हाच अनुभव घेतो. गरिबाचे जे काही वाचते ते कागदावर असते म्हणून वाचते. 'पूर्वापार चालत आले आहे' हे वाक्य समोरच्या पक्षाच्या तोंडी आले की मी सावध होतो.

मग या मुलीच्या बाजूने उभे राहायचे की नाही? मध्यंतरात चहा घेतानाही हाच किडा डोक्यात. घरी आल्यावर मूळ नाटकाचा इंग्रजी अनुवाद काढून वाचला. तिथे एक वाक्य सापडले जे आपल्या मुलांनी गाळले होते. दोन भावांना सारखाच मान कसा द्यायचा, असे राजा विचारतो तेव्हा ॲंटिगनीच्या उत्तरात असे येते की मेला तो कोणी गुलाम नव्हता, तो भाऊ होता. म्हणजे गुलाम असता तर? त्याला कुत्र्यांनी खाल्ले असते तर चालले असते काय? अथेन्स गुलामांच्या श्रमावर उभे होते आणि त्याची सर्वांत धीट लेकसुद्धा समतेची रेषा भावापाशी आणून थांबवते. रूपांतर करणाऱ्याने हे वाक्य बहुधा प्रेक्षकांना खटकेल म्हणून काढले असावे. मला वाटते ते ठेवायला हवे होते. खटकायला हवे होते.

तरीही मी तिला सोडू शकत नाही, कारण ज्या गोष्टीसाठी ती मरते ती आपल्या ताटात रोज वाढली जाते. सोलापूर जिल्ह्यातलेच पाहा. मंगळवेढ्याला गावकुसाच्या वेठबिगारीच्या कामावर भिंत कोसळली आणि तिच्याखाली चोखामेळा इतर मजुरांबरोबर गाडला गेला, ही चौदाव्या शतकातली गोष्ट. परंपरा सांगते की नामदेवाने ढिगाऱ्यातून त्याची हाडे ओळखून वेचली आणि पंढरपूरला महाद्वारापाशी पुरली. मेल्यावरही दारात, आत नाही! ते दार अस्पृश्यांना उघडायला १९४७ साल उजाडावे लागले, साने गुरुजींना उपोषण करावे लागले. बाबासाहेबांनी १९४८ चा आपला 'द अनटचेबल्स' हा ग्रंथ नंदनार, रविदास आणि चोखामेळा यांच्या स्मृतीस अर्पण केला, ते उगाच नाही.

आणि अलीकडचे? ३० सप्टेंबर २०२० च्या पहाटे, अडीचच्या सुमारास, उत्तर प्रदेशातील हाथरसच्या दलित मुलीचे प्रेत पोलिसांनी जाळले. आई-बाप घरात, लेक शेतात जळते आहे. एकदा तोंड तरी पाहू द्या म्हणून आई विनवीत होती. दुसऱ्या दिवशी अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या लखनौ खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली आणि सन्मानाने अंत्यसंस्कार होण्याच्या हक्काचा प्रश्न ऐरणीवर आणला. मेलेल्या माणसालाही प्रतिष्ठा असते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली परमानंद कटारा प्रकरणात आधीच सांगितलेले होते. म्हणजे ॲंटिगनीचा अलिखित कायदा आपल्याकडे लिहिला गेला आहे. संविधानाच्या कलम २१ मध्ये तो वाचला गेला आहे. तरीही मध्यरात्री चिता पेटते. मग दोष कायद्याचा की हुकूम देणाऱ्याचा? २०२३ च्या मार्चमध्ये त्या खटल्यात चौघांपैकी तिघे निर्दोष सुटले, हेही इथेच नोंदवून ठेवतो.

छत्तीसगडच्या बस्तर भागात २०२५ च्या जानेवारीत एका ख्रिस्ती धर्मोपदेशकाला स्वतःच्या गावात माती मिळेना. मूळची जात महरा. मुलगा प्रेत शवागारात ठेवून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २७ जानेवारीला दोन न्यायमूर्तींची मते दोन दिशांना गेली, न्या. नागरत्ना यांनी स्वतःच्या शेतात पुरायला परवानगी दिली, न्या. शर्मा यांनी दिली नाही. प्रेत आणखी किती दिवस ठेवणार म्हणून अखेर वीस-पंचवीस किलोमीटरवरच्या ख्रिस्ती दफनभूमीत पुरण्याचा आदेश झाला. जवळपास तीन आठवडे एक बाप बर्फात आणि मुलगा कोर्टात.

क्रेऑनच्या एका हुशारीकडे वकील म्हणून माझे विशेष लक्ष गेले. तो मुलीला ठार मारत नाही. गुहेत कोंडतो आणि थोडे अन्न आत ठेवतो, म्हणजे खुनाचे पाप नगराच्या माथी येत नाही. ती मेली तर आपली आपण मेली! कोठडीतल्या मृत्यूची कागदपत्रे ज्यांनी पाहिली आहेत त्यांना ही युक्ती नवी नाही. परभणीत संविधानाच्या प्रतिकृतीच्या विटंबनेनंतर पकडलेला कायद्याचा विद्यार्थी सोमनाथ सूर्यवंशी १५ डिसेंबर २०२४ रोजी न्यायालयीन कोठडीत मेला. आजाराची चर्चा झाली. शवविच्छेदनाचा अहवाल अंगावरच्या अनेक जखमांकडे बोट दाखवीत होता. त्याची आई सरकारी मदत नाकारून कोर्टात उभी राहिली आणि २०२५ च्या जुलैमध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला. सात महिने लागले, तेही फक्त गुन्हा नोंदवायला.

उशिराचेही नाटकात आहे. टायरेसियसच्या इशाऱ्यानंतर राजा घाबरतो. त्याला सल्ला मिळतो की आधी मुलीला सोडव, मग प्रेताला माती दे. राजा नेमके उलटे करतो. आधी प्रेताचे सगळे विधी यथासांग उरकतो आणि मग गुहेकडे धावतो. तोवर संपलेले असते. किती वर्षे मी तारखा घेतो आहे! आधी टपाल, आधी अभिप्राय, आधी कार्यालयीन टिप्पणी; माणूस शेवटी.

हायमॉन बापाला काय म्हणतो ते मला टाळ्यांच्या वाक्यापेक्षा मोलाचे वाटले. एका माणसाच्या मालकीचे नगर हे नगरच नव्हे, असे तो सुनावतो; लोक काय बोलतात ते ऐक, म्हणतो. इथे मला ४ नोव्हेंबर १९४८ ची घटना समितीतली सभा आठवली. त्या दिवशी मसुदा मांडताना बाबासाहेबांनी संवैधानिक नीतीची कल्पना सांगितली आणि त्यासाठी आधार घेतला तो ग्रीसचा इतिहास लिहिणाऱ्या जॉर्ज ग्रोट याचा, म्हणजे ॲंटिगनी ज्यांनी पाहिली त्याच अथेन्सकरांच्या लोकशाहीच्या अभ्यासकाचा. ग्रोटच्या मांडणीचा गाभा असा की घटनेच्या चौकटीबद्दल आदर हवा, त्या चौकटीत वागणाऱ्या सत्तेची आज्ञाही पाळायची, पण त्याच सत्तेवर उघड बोट ठेवण्याची सवयही हवी. क्रेऑनला पहिले पाठ आहे, दुसरे नको आहे. ही नीती निसर्गतः येत नाही, ती शिकावी लागते, असेही बाबासाहेबांनी त्याच भाषणात बजावले. मी हायमॉनला टाळी वाजवली. सभागृहात एकटाच.

दक्षिण आफ्रिकेत गोऱ्यांच्या राजवटीत रॉबेन बेटावरच्या कैद्यांनी हे नाटक केले होते आणि नेल्सन मंडेला त्यात क्रेऑन झाले होते. पुढे १९७३ साली अथोल फुगार्ड, जॉन कानी आणि विन्स्टन न्टशोना यांनी त्या बेटावरचे दोन कैदी ॲंटिगनी बसवतात असे 'द आयलंड' हे नाटक उभे केले. तुरुंगातल्या काळ्या माणसाला ही गोष्ट आपली वाटली यात नवल नाही. पण मंडेलांनी राजाची भूमिका केली, याचा मी बराच वेळ विचार करत राहिलो. ज्याच्या हाती पुढे सत्ता यायची आहे, त्याने एकदा क्रेऑनचे कपडे घालून पाहिलेले बरे. आपल्या चळवळीतल्या गटागटांच्या अध्यक्षांनाही ही तालीम द्यायला हरकत नाही!

हे सगळे विचार माझे, पुस्तकी माणसाचे. आईचे भलतेच. तिला ना राजाचे पडले होते ना राजकन्येचे. नाटकात प्रेतावर पहारा देणारा एक शिपाई आहे. आपल्या मुलांनी त्याला होमगार्डचा गणवेश घातला होता. कोणीतरी माती टाकून गेल्याची बातमी राजाला सांगायला तो येतो, तेव्हा त्याची बोबडी वळते. दोन पावले पुढे, एक मागे. राजा धमकावतो, चोर आण नाहीतर तुलाच लटकावतो. तो पुन्हा येतो तो मुलीला धरून. तिच्यासाठी वाईट वाटते, पण माझी मान सुटली याचे बरे वाटते, असे कबूलही करतो. आणि जातो. प्रेक्षक त्याच्या प्रत्येक वाक्याला हसत होते. आई एकदाही हसली नाही.

पडदा पडल्यावर तिने विचारले, "त्या शिपायाचं पुढं काय झालं?"

सोफोक्लिसकडे याचे उत्तर नाही. अनुईने १९४४ साली जर्मनांच्या ताब्यातल्या पॅरिसमध्ये नाटक केले तेव्हा उत्तर दिले होते: सगळे मेल्यावर रंगमंचावर पहारेकरी उरतात आणि पत्ते खेळत बसतात. ते फ्रान्समध्ये खरे असेल. अनुईच्या पहारेकऱ्याला पगार होता. आमच्या आजोबाला वतन होते.

आजोबा येसकर होते. बेवारस प्रेताची राखण कोणी करायची? महाराने. मर्तिकाचा सांगावा घेऊन परगावी पायी कोणी जायचे? महाराने. सरणाची लाकडे, मेलेले ढोर, हे सगळे त्याच्याच अंगावर, आणि मोबदला काय तर बलुते आणि मढ्यावरचे कापड. १८७४ च्या वतन कायद्याने त्या गुलामगिरीवर सरकारी शिक्का बसला होता. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात महार वतनाचे बिल आणले ते याच्याच विरुद्ध. कनिष्ठ गाव वतने रद्द करणारा कायदा १९५८ साली झाला. थीब्जची ही गोष्ट आपल्या जिल्ह्यात घडली असती तर मी कोण झालो असतो? राजा नक्कीच नाही. राजकन्येचा भाऊही नाही. त्या प्रेताजवळ काठी घेऊन, वाऱ्याच्या वरच्या अंगाला बसलेला तो माणूस मीच.

आणि तो माणूस आजही बसलेला आहे. काही वर्षांपूर्वी जिल्ह्यातल्या एका गावात आमची एक म्हातारी वारली. बौद्ध स्मशानभूमीची वाट एका शेतातून जाते. शेतमालकाने तिथे काटेरी कुंपण घातले होते. पूर्वापार इथून वाट नाही, असे त्याचे म्हणणे. गावनकाशावर वाट स्पष्ट दिसत होती. सकाळी दहापासून मयत तिरडीवर, लोकांनी शेवटी ते कचेरीपुढे आणून ठेवले. नागरी हक्क संरक्षण कायद्यात १९५५ पासून स्मशानाची वाट अडवणे गुन्हा आहे, २०१५ च्या दुरुस्तीने तो ॲट्रॉसिटी कायद्यातही आला आहे, मामलेदार कोर्ट कायदा तर १९०६ चा. मी तिन्ही पुस्तके घेऊन उभा. साहेब तोंडी म्हणाले, जा, काढतील कुंपण. मी म्हणालो, लेखी द्या. लेखी मिळायला दिवेलागण झाली. रात्री बॅटरीच्या उजेडात म्हातारीला अग्नी दिला. दिवसभर त्या कुंपणापाशी बंदोबस्ताला जो हवालदार उभा होता तो आपल्याच वस्तीतला, शिष्यवृत्तीवर शिकलेला पोरगा. माझ्या नजरेला नजर देईना. एवढेच म्हणाला, "साहेब, मला ड्युटी हाय." मी त्याला त्या दिवशी चार लोकांत वाटेल ते बोललो. परवा नाटक पाहताना ते बोलणे मला परत ऐकू येत होते.

आई ऐकेना, रंगमंचामागे गेली. शिपाई झालेला मुलगा तोंडावरचा रंग पुसत होता. मोहोळ तालुक्यातल्या एका गावचा, इथे शिकायला राहिलेला. आईने त्यालाही तेच विचारले. तो हसला. "आज्जी, ते नाटकात लिहिलेलंच नाही. पोरगी आणून दिली की माझं काम संपतं. मग मी विंगेत बसून चहा पितो."

"गाव कुठलं म्हणालास?" आईने विचारले. त्याने सांगितले. आईने त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

घरी येताना रिक्षात ती बराच वेळ गप्प होती. सात रस्ता ओलांडल्यावर एकाएकी बोटे मोडत गावांची नावे घेऊ लागली. मी विचारले, काय मोजतेस? म्हणाली, "तुझ्या आजानं मयताचा सांगावा घेऊन कुठं कुठं जायचं, ते." अकरा गावे झाली. शेवटून दुसरे त्या मुलाचे होते.